शारजात काम शोधताना

भिवंडीजवळचं आमचं वळ गाव सोडलं त्या सकाळी आईने सुकटीची पुडी माझ्या बॅगेत खोल दाबली. "तिथं मिलल का न्हाय, कोन जाने. पोटभर जेव." भिवंडीच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा कोर्स करून मी शारजाला निघालो होतो. व्हिजिट व्हिसा संपायच्या आत नोकरी मिळवायची, नाहीतर परत. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं.

विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि लूमच्या कारखान्यात शिरावं तशी गरम हवा अंगावर आली. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, न्यायला आले होते. त्यांच्याच खोलीत गादी टाकली.

मग गॅरेजांच्या वस्तीत पायपीट सुरू झाली. जाईन तिथे एकच प्रश्न, "गल्फ एक्सपिरियन्स है?" माझं सर्टिफिकेट कुणी उघडूनही बघत नसे. दुपारी खुबूस (भट्टीतली मऊ, फुगीर रोटी) आणि डाळ खाऊन खाडीवर बसायचो. लाकडी गलबतं लागलेली असत. ओहोटीला येणारा चिखलाचा वास अगदी आमच्या खाडीचा! तेवढ्यापुरतं घरी असल्यासारखं वाटे.

व्हिसा संपत आला तेव्हा ट्रकच्या एका गॅरेजात पोचलो. मालक पेशावरचा धिप्पाड पठाण. सगळे त्याला उस्ताद म्हणत. "काम करके दिखाओ," म्हणत तो ट्रकखाली शिरला आणि खालून ओरडला, "चाबी दो!"

मी धावत केबिनमध्ये चढलो आणि ट्रकची किल्ली आणून त्याच्या हातावर ठेवली.

सगळं गॅरेज हसायला लागलं. आपण ज्याला पाना म्हणतो, त्याला तिकडे चाबी म्हणतात हे मला काय ठाऊक! कान तापले. बॅग उचलून निघालोच होतो.

"अरे, किधर?" उस्ताद बाहेर आला. त्याच्याही डोळ्यांत हसून पाणी आलं होतं. "नाम ग़लत सीखा, काम तो सीखा है ना? क्लच प्लेट बदलो."

संध्याकाळी ड्रायव्हर ट्रक फिरवून आला आणि त्याने नुसती मान डोलावली. उस्ताद म्हणाला, "कल से आ जाओ. वीज़ा मैं लगवाता हूँ."

बूथवरून घरी फोन केला. "आई, नोकरी लागली!"

"चांगला झाला रं." ती म्हणाली. "म्हंजे आता लवकर न्हाय येनार तू."

काही वर्षांनी सुट्टीवर आलो. गावाजवळच्या मानकोली नाक्यावर उतरलो तर शेतं कुठे दिसेनात. नजर जाईल तिथवर गोदामं, त्यांच्यापुढे ट्रकच्या रांगा. आपलंच गाव मी परक्यासारखा बघत उभा होतो. खांद्याला पिशवी लावलेला एक बिहारी तरुण जवळ आला. "भैया, इधर काम कहाँ मिलेगा?"

माझं गाव आता दुसऱ्या कुणाचं तरी शारजा झालं होतं. त्याला चहा पाजला, टपरीवर बॅगा ठेवल्या आणि त्याच्याबरोबर गोदामं पालथी घातली. शेवटी एका ठिकाणी त्याला माल चढवायचं काम मिळालं.

घरी पोचलो तेव्हा जेवण निवून गेलं होतं. आई दारातच बसली होती. "इमान लेट झाला का रं?"

"नाही गं," मी म्हणालो, "काम शोधत होतो."