शैलजाताईंचं तण

शैलजाताईंच्या फाटकातून पहिल्यांदा आत येणारं माणूस जरा थबकायचंच. उजवीकडे बेल, शमी, कण्हेर, डाळिंब, ते ठीक. पण डावीकडे, जिथं चारचौघं गुलाब लावतात, तिथं कमरेएवढा आघाडा, काटेरी डोरली, धोत्रा, रुई, आणि गळक्या नळाखाली दाट माका. शेजारच्या तिवारीबाईंनी एकदा भिंतीवरून चौकशीही केली होती, "भाभीजी, सब ठीक तो है? माली छोड़ गया क्या?"

माळी कधी नव्हताच. हे तण ताईंनी स्वतः लावलं होतं, बी पेरून, पाणी घालून.

त्या मूळच्या वर्ध्याकडच्या, लग्न होऊन या हिंदी मुलखातल्या शहरात आलेल्या. लग्नानंतरच्या पहिल्या हरतालिकेला सासूबाईंनी त्यांना ओमतीच्या बाजारात पत्री आणायला पाठवलं. टोपलीवालीनं पेरूची, अशोकाची आणि सीताफळाची पानं सुतळीनं बांधून हातात दिली. "ले जाओ बहू, भगवान सब पत्ते पहचानते हैं." सासूबाईंनी जुडी उलटसुलट पाहिली आणि काही न बोलता दारातल्या गाईपुढे टाकली. ते न बोलणं ताईंना फार लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी माहेराहून परतताना रुमालात बांधून बी आणलं.

पुढं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवता शिकवता त्यांच्या बागेची बातमी मराठी घरांत पसरली. हरतालिकेच्या सकाळी बायका पिशव्या घेऊन येत, दुसऱ्या दिवशी गणपतीसाठी त्यांचे नवरे. ताई कुणाकडून पैसे घेत नसत. पण पत्री देताना एकेक पान ओळखायला लावत, आणि चुकलं तर शाळेतल्यासारखं पुन्हा विचारत. पत्री फुकट असली तरी परीक्षा चुकत नाही, असं दरवर्षी पत्री न्यायला येणाऱ्या मेघनाताई म्हणायच्या.

यंदा आषाढात ताईंचे यजमान मोहनराव फॅक्टरीतून रिटायर झाले. पहिले काही दिवस त्यांनी वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचलं. मग फ्रिज आतून पुसला, मग डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मिठाच्या डब्यावरही. ताईंनी सगळं सोसलं. माणूस इतकी वर्षं सकाळी भोंग्यावर उठला, त्याला एकदम बस म्हटलं तर तो तरी काय करील.

हरतालिकेच्या दोन दिवस आधी सिहोऱ्याच्या धाकट्या बहिणीला, अमिताला, ताप आला म्हणून ताई तिकडे गेल्या. आदल्या दिवशी दुपारच्या बसनं परतल्या आणि फाटकातच उभ्या राहिल्या.

डावी बाजू स्वच्छ होती. माती रापीनं खरडल्यासारखी सपाट, कडेला तिरप्या विटा, त्यांना एक सोडून एक गेरू आणि चुना. मधे झेंडूची रोपं, एका रांगेत. फॅक्टरीत मोठे साहेब तपासणीला येत तेव्हा गेटजवळ जसं करत, अगदी तसं.

मोहनराव हात पुसत बाहेर आले. चेहरा उन्हानं लाल, डोळे मात्र चमकत होते.

"काहून, आवडलं नाही?"

"ते सगळं कुठं टाकलंत?"

"कचरा गाडीत दिलं. दोन खेपा झाल्या, बोल. किती वाढू दिलं होतंस."

त्याच वेळी पिशवीतला फोन वाजला. मेघनाताईंची नवी सून, चिन्मयी. "काकू, मी उद्या सकाळी येऊ ना पत्री घ्यायला? माझी पहिली हरतालिका आहे, तो मम्मी म्हणाल्या की अच्छेसे शिकून ये."

"ये," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या पायरीवर बसल्या. बोलू नये, असं क्षणभर वाटलं. रिटायर झाल्यापासून या माणसाच्या हातून पहिल्यांदा काही पुरं झालं होतं. पण न बोलण्याचं काय होतं तेही त्यांना ठाऊक होतं.

"अहो, ती पत्री होती," त्या म्हणाल्या. "उद्याची."

मोहनरावांनी उजवीकडे बोट केलं. "मला वाटलं, पत्री म्हणजे तो बेल वगैरे. इकडचं तर गवत."

"इतकी वर्षं या घरात राहून राहिले तुम्ही."

"सकाळी सात ते पाच मी या घरात नव्हतो, शैला." मग हळूच, "जे नसेल त्याच्या जागी अक्षता वाहिल्या तर चालते म्हणतात."

"देवीला चालते. मला नाही."

मोहनरावांनी आत जाऊन स्कूटरची किल्ली आणली. "चल. अंधार पडायच्या आत. कसा दिसते तो आघाडा?"

दिवेलागणीनंतर पान तोडायचं नाही, त्यामुळे घाई होती. रस्त्याकडेला आघाडा दिसला की ते ब्रेक दाबत. ताई मागून म्हणत, "इथला नको. गावची कुत्री इथं." असं तीनदा झाल्यावर त्यांनी स्कूटर वळवली ती थेट फॅक्टरीच्या क्वार्टरांमागे, जुन्या भिंतीपाशी. माणूस फिरकत नव्हता. आघाडा, रुई, धोत्रा, नालीच्या काठी माका, भिंतभर.

"हे आम्ही दर तपासणीच्या आधी कापत होतो," मोहनराव म्हणाले. "पंधरा दिवसांत पुन्हा हजर."

नाक्यावरचा म्हातारा पहारेकरी काठी टेकत आला. "मोहनबाबू, रिटायर होकर भी घास कटवाने आ गए?"

"काटने नहीं भैया, मांगने," मोहनराव म्हणाले. पहारेकरी हसत तिथंच बसला आणि डोरली कुठं आहे ते काठीनं दाखवू लागला. मोहनरावांनी ती उघड्या हातानं धरली. ताईंनी पदराच्या पिनेनं काटा काढला.

तिलवाऱ्याच्या घाटावर पोचेपर्यंत ऊन पिवळं झालं होतं. नर्मदेच्या काठी अर्जुनाची फांदी मोहनरावांनी वाकवून धरली, ताईंनी पानं घेतली. विष्णुक्रांता तेवढी कुठंच मिळाली नाही.

सकाळी चिन्मयी आली तेव्हा ताई न्हाऊन पूजेची तयारी करत होत्या. निर्जळी उपास, त्यामुळे चहाचा प्रश्न नव्हता. मोहनरावांनी स्वतःचा चहा केला, कप घेऊन ओट्यावर बसले आणि जुड्या वाटू लागले.

"हा आघाडा. पान पाहून नाही, तुरा पाहून ओळखायचा. हा माका. ही डोरली, हिला हात लावायचा नाही."

"और ये, काका?"

"ही... रुई."

तो धोत्रा होता. ताईंनी आतून ऐकलं. शाळेची जुनी सवय जिभेवर आली. पण त्या चौरंगाखालची रांगोळी पुरी करत बसल्या. बाहेर मोहनरावच म्हणाले, "थांब, थांब. रुईला चीक येतो. हा धोत्रा."

"काका, आमच्याकडे फ्लॅट आहे. हे गमल्यात लागेल का?"

मोहनरावांनी कप खाली ठेवला. काल मुळासकट आणलेली थोडी रोपं नळाजवळ ओल्या पोत्यात होती. खुरपं घेऊन ते झेंडूच्या रांगेपाशी गेले, मधला एक झेंडू उपटला, दुसरा उपटला. "एक तुझ्या कुंडीत," ते म्हणाले, "आणि बाकीची इथं. थोडं सरळ रांगेत लावतो, शैला, चालेल ना?"

"चालेल," ताई आतून म्हणाल्या. "पण पाणी रोज तुम्ही घालायचं."