माशीबाईची वेल

मंडळातले लोक तिला माशीबाई म्हणायचे, तेही अगदी तोंडावर. परागीभवनाचा अभ्यास करणाऱ्यांच्या त्या मंडळात जो तो मधमाश्यांच्या मागे, ही एकटी साध्या माश्यांच्या नादी लागलेली. फुलांचे पराग माश्याही इकडून तिकडे नेतात, हे तिने जन्मभर घसा फोडून सांगितलं. लग्न नाही, मूलबाळ नाही, घरात खुर्च्यांवरसुद्धा कुंड्या. पाहुण्याने बसायचं कुठे? तसा पाहुणा येतोय कोण म्हणा!

सख्खा भाऊही येत नसे. तो त्याच मंडळात होता, पण मधमाशीवाला. दोघांचं बिनसलं ते एका रानवेलीवरून. तरुणपणी त्याने मंडळात निबंध वाचला, की या वेलीला फळ धरतं ते मधमाश्यांमुळे. ही भर सभेत उठली आणि म्हणाली, "हा वेलीखाली झोपतो, बघत नाही. काम माश्यांचं आहे." सभा खो-खो हसली. भाऊ पांढराफटक पडला. मंडळाने बहिणीचंच खरं धरलं आणि तिचं नाव झालं ते त्याच वेलीवर. पुढे आईच्या आजारपणातही दोघं एकमेकांशी बोलली ती नर्समार्फत.

यंदा मंडळाचं जाडजूड पुस्तक छापायला जायचं होतं. भावाने आपला निबंध अजून मागे घेतला नव्हता, म्हणून त्यात वेलीबद्दल कुणाचं म्हणणं घ्यायचं, हे वार्षिक सभेत ठरणार होतं. कटकट कायमची मिटवायला माशीबाईने कळ्यांवर जाळ्या बांधल्या. भोकं अशी, की माशी आत शिरेल, मधमाशी अडेल. जाळीखाली फळ धरलं की भाऊ तोंडावर पडलाच. "नाक घासायला लावते त्याला," ती कुंड्यांना सांगत सुटली.

फळ धरलं नाही. माश्या खुशाल आत-बाहेर करत होत्या आणि जाळीखालची फुलं सुकून गळत होती. शेजारच्या उघड्या फांदीला मात्र फळंच फळं. तिने दुसऱ्या वेलीवर करून पाहिलं, गच्चीवर करून पाहिलं. "मेल्यांनो, एक तरी धरा!" शेवटी स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून ती ढसाढसा रडली. गप्प बसता आलं असतं. जाळ्या तिच्या, वेल तिची, विचारणार कोण? पण खोटं छापून आणणं तिच्याच्याने होईना. भावाबद्दल मन विरघळलं वगैरे काही नव्हतं हं! राग होता तेवढाच होता.

सभेत ती उभी राहिली. "माझं चुकलं. वेल मधमाश्यांचीच आहे. भाऊ म्हणत होता ते खरं."

भाऊ हळूहळू उठला. केस पिकलेले, कान लालबुंद. "आता हा कुठला डाव?"

"डाव कसला? येऊन जाळ्या बघ."

"तुझ्या जाळ्या, तुझी फुलं. पुस्तक छापलं की तूच उठून म्हणशील, याने तपासलंसुद्धा नाही. मी माझा निबंध मागे घेतो. ही वेलच काढून टाका पुस्तकातून."

अध्यक्ष या दोघांच्या भांडणाला विटले होते, त्यांना तेवढंच हवं होतं. भराभर हात वर झाले आणि वेल गेली.

माशीबाईने त्याला जिन्यात गाठलं. "अरे गाढवा, तू बरोबर होतास! मी हरले म्हणतेय, तरी तुझं डोकं ठिकाणावर येत नाही?"

"मला माहीत आहे मी बरोबर आहे ते," भाऊ कठड्याला धरून म्हणाला. "मीही जाळ्या बांधल्या होत्या. दोनदा लिहून पाठवलं मंडळाकडे. तपासायला तुझ्याकडेच आलं. तू न वाचता परत केलंस."

"तुझं नाव बघितलं आणि..." माशीबाई म्हणाली. "मग आज तरी घ्यायचंस ना, मी देत होते तर."

"तुझ्या हातून नको होतं," तो म्हणाला, आणि तिला धक्का लागू नये म्हणून भिंतीच्या कडेने खाली उतरून गेला.