पंजाबरावांची लढाईतली करवत

वाशीम मागे पडून बराच वेळ झाला होता, रिठद अजून दिसत नव्हतं, आणि आमचे दीर पंजाबराव मला पुन्हा पुन्हा सांगत होते की ही वस्तू थेट जर्मनीवर जाऊन आली आहे. वस्तूचं पुढचं टोक त्यांच्या खांद्यावर होतं, मागचं माझ्या. इंजिन मागच्या टोकाला होतं. निघताना ते त्यांच्याकडे होतं, पण पहिला नाला लागला तशी "वयनी, जरा बाजू बदलू" असं म्हणून त्यांनी जी बाजू बदलली ती बदललीच.

साखळीची करवत होती ती. माणसाएवढी लांब लोखंडी पट्टी, तिच्या कडेनं सायकलच्या चेनीसारखी पण दात असलेली साखळी, एका टोकाला पेट्रोलवरचं इंजिन आणि दुसऱ्या टोकाला आणखी एका माणसानं धरायची मूठ. लढाईत फौजेनं लाकडं कापायला आणलेली. लढाई संपल्यावर लिलावात निघाली आणि फिरत फिरत वाशीमच्या एका भंगारवाल्याच्या अंगणात येऊन पडली. आम्ही उचलायला गेलो तेव्हा तिच्यावर कोंबडी बसली होती. असल्या वस्तूसाठी पंजाबरावांनी बायकोची दुभती म्हैस विकली होती. मोटारवाल्यानं ती टपावर घ्यायला नकार दिला, म्हणून आमची ही पायपीट. मी गेले होते बालाजीच्या दर्शनाला. पदरात प्रसाद बांधला होता आणि खांद्यावर जर्मनी.

मी का उचलली, असं कोणी विचारेल. त्याचं कारण माझा नवस. आदल्या साली आमच्या घरात मुदतीचा ताप आला. मालक अंथरुणाला खिळले, डोळेसुद्धा उघडेनात. आमच्या मारुतीच्या देवळाला दार नव्हतं. शेळ्या आत शिरून नैवेद्य खात, कुत्री देवाच्या पायाशी निजत. मी मारुतीला म्हटलं, यांना उठव, मी तुला दार लावते. मालक उठले. आमच्या शेताच्या धुऱ्यावरचा साग पाडला, तांड्यावरचे सोमला आणि रूपला हे दोघे भाऊ बोलावले. त्यांनी नाल्यावर लाकूड उंच ठोकळ्यांवर चढवलं. एक वर उभा, एक खाली, मधे त्यांची लांब करवत. हनुमान जयंतीला दार लागायचं असं ठरलं होतं.

मी रिसोडच्या बाजाराला वांगी घेऊन गेले होते, त्या दिवशी पंजाबराव वाशीमला ही वस्तू पाहून आले आणि तसेच नाल्यावर गेले. सोमला वयानं त्यांच्यापेक्षा मोठा, पण यांच्या तोंडी तो सोमल्याच. म्हणाले, "सोमल्या, तुही करवत आता भिंतीले टांग. म्या मिशीन आणून राह्यलो." संध्याकाळी सोमला माझ्या दारात आला.

"बाई, आमचं काई चुकलं का?"

तोवर पंजाबरावांनी चार माणसं गोळा करून, देवळात भंडारा उचलून शपथही घेतली होती की वहिनीचा नवस मी फेडतो, हनुमान जयंतीला दार लागलं नाही तर पंजाबराव नाव सांगणार नाही. नवस माझा, साग माझा, आणि शपथ यांची. अकलेचं म्हणाल तर ती तेवढी कोणाचीच नव्हती. बोललेला नवस राहिला तर मारुती मला विचारणार होता, पंजाबरावांना नाही. म्हणून मी इंजिन वाहत होते.

"वयनी, पयलं लाकूड कोन्तं कापतो, सांगा?"

"देवाचं. दुसरं कोन्तं?"

"खिळ्याचा निंब!"

मी जागच्या जागी थांबले, तसा त्यांना मागून झटका बसला. खिळ्याचा निंब आमच्या गावाच्या शिवेवरचा. कोणाला भूत लागलं, कोणाचं पोर दचकून उठू लागलं, कोणाची दाढ ठणकू लागली की देवऋषी मंत्र म्हणून त्या निंबाला एक खिळा ठोकायचा. दुखणं झाडात खिळलं, माणूस सुटला. आज्या-पणज्यापासून हेच चाललेलं. मागच्या वैशाखात वादळानं तो आडवा झाला, पण चुलीसाठी कोणी त्याची ढलपीसुद्धा नेली नाही.

"तिथं खिळे हायेत, भाऊजी."

"आलं तुमचं भूत!"

"मी भुताचं नाई, लोखंडाचं सांगून राह्यली."

"हेच तं! बायकाईच्या डोक्यातलं भूत निंघाल्याबिगर देश पुढं जात नाई, वयनी."

"देश जाईन. तुमची साखयी जाते का थे पाहा. अन् तुमच्या दाढीचा खिळा बी त्याच झाडात हाये. सासूबाई सांगे, लय बोंबलले होते तुमी."

"थो दुसऱ्या झाडाले मारला होता," असं म्हणून ते ताडताड चालू लागले. इंजिन माझ्या खांद्यावर आहे याचं भान त्यांना त्या चालीत कुठून राहणार?

माघ आणि फाल्गुन त्यांनी ती वस्तू दुरुस्त करण्यात घालवले. माझी जाऊ तुळसाबाई, तिच्या नव्या गोधडीवर इंजिन उघडलं. सुटे भाग तिच्या परातीत. आत गंजून अडकलेला दट्ट्या करडीच्या तेलात भिजत पडला, आणि ते तेल तिच्या वर्षाच्या बुधल्यातलं. पेट्रोलची टाकी गळत होती ती कल्हईवाल्याकडून डाग देऊन आणली. जोडावरची जुनी चकती फाटलेली, म्हणून जुन्या वहाणेचं कातडं कापून बसवलं. मग ओट्यावर बसून साखळीचा एकेक दात कानशीनं घासायचा कार्यक्रम. कर्र कर्र आवाजानं दातांवर काटा येई, पण आमच्या गावचे पुरुष हलतील तर शपथ. घरच्या बैलाला बादलीभर पाणी न दाखवणारी ही माणसं तिथं दिवसदिवस बसत, आणि यांना मोलाचे सल्ले देत, आणि तुळसाबाई सगळ्यांना चहा देई.

"बाई," ती मला म्हणाली, "भाकरीले बी पेट्रोलचा वास येते आता. खाऊन बिडी पेटवाची सोय नाई राह्यली."

होळीनंतर एकदाचं इंजिन लागलं. दोरी ओढून ओढून पंजाबरावांचा दंड सुजला, मग त्यानं धूर सोडला आणि असं ओरडलं की शेजारच्या रंगरावांचे बैल दावी तोडून पळाले. लागलं हे खरं. कोणाचं खोटं कशाला सांगू? पण आता म्हशीच्या हंबरण्याच्या जागी ते ओरडणं ऐकायचं, आणि हे त्याच्याकडे पाहत उभे, जसा काही घरात मुलगा झाला.

आणि मग निंब. मी पुन्हा एकदा सांगितलं की साग नाल्यावर तयार आहे, आधी देवाचं काम करा. पण देवाच्या सागात खिळे नव्हते, भूत नव्हतं, पाहणारे नव्हते. सागात यांची काय शोभा?

सगळा गाव शिवेवर लोटला. पंजाबरावांनी धुतलेली टोपी घातली होती. आधी पक्कड घेऊन त्यांनी दिसतील तेवढे खिळे उपटले, आणि एकेक वर धरून दाखवू लागले.

"हे घ्या, जमनाबाईच्या सासूचं भूत! हे रंगरावाच्या आज्याची दाढ!"

लोक हसले. मग दुसऱ्या टोकाची मूठ धरायला रंगरावांना उभं केलं, दोरी ओढली, आणि साखळी फिरायला लागली. भुसा उडाला, निंबाचा कडू वास सुटला. करवत लोण्यासारखी आत जात होती. मी हात जोडले, म्हटलं, मारुतीराया, होऊ दे बाबा.

तेवढ्यात आतून दाढ फुटावी तसा आवाज आला. ठिणग्या उडाल्या, साखळी तुटून सापासारखी वर उसळली आणि पलीकडच्या तुरीच्या वाळक्या फणकटात जाऊन पडली. रंगराव मूठ सोडून पळाले ते पाहायला मिळालं, तेवढाच त्या दिवसाचा फायदा. देवाची कृपा, कोणाला लागलं नाही. साखळीचे निम्मे दात गेले होते, पट्टी वाकली होती. कापलेल्या फटीत पाहिलं तर काळे खिळे, एकाखाली एक. जुने खिळे झाडानं केव्हाच पोटात घेतले होते आणि वरून साल आली होती. यांनी उपटले ते लोकांना दिसणारे. भूत होतं की नव्हतं ते देव जाणे. खिळा होता.

"नवी साखयी मांगवतो," पंजाबराव म्हणाले. वाशीमला जाऊन आले. भंगारवाला त्यांना म्हणाला होता, साखळी पाहिजे असेल तर पुन्हा लढाई लावा. हे आम्हाला त्यांच्याबरोबर गेलेल्या रंगरावांकडून कळलं. पंजाबरावांनी मात्र सांगितलं की साखळी रेल्वेनं निघाली आहे. रोज संध्याकाळी ओट्यावर नुसतं इंजिन चालवायचे. का, तर त्याची तब्येत राहावी. कोणी विचारलं, "पंजाबराव, दार केव्हा?" की दोरी ओढायचे, मग विचारणाऱ्याला स्वतःचंच ऐकू यायचं नाही.

पाडवा झाला. सोमला-रूपला शिरपूरकडे कामाला गेले होते, ते तांड्यावर परतल्याचं कळलं. हनुमान जयंती तोंडावर आलेली. मेथीला पाणी देऊन मी तांड्याकडे निघतच होते, तर वाफ्याच्या कडेला पंजाबराव उभे. टोपी हातात.

"वयनी, सोमलाकडं जाता का?"

सोमल्याचा सोमला झाला होता.

"तुमी हाकललं, तुमीच जा."

"माह्यं नाई ऐकनार थो."

"बरं. चाललीच हाये मी. नवस माहा हाये."

तरी ते हलेनात. बांधावरचं ढेकूळ पायानं फोडत राहिले. मग इकडेतिकडे पाहून जवळ आले.

"त्याले म्हना, ठोकये नाल्याच्या पल्याड न्या. बाभयीच्या आड. तिथं गपचूप फळ्या पाडा. मी अल्याड मिशीन चालू ठेवतो. तुमी पदर हालवला का बंद करतो, पुन्हा हालवला का चालू करतो. गावाले आवाज गेला म्हंजे झालं."

मी पदर कमरेला घट्ट खोचला. त्यांना वाटलं, मी कबूल झाले. टोपी डोक्यावर चढली.

"अन् वयनी, एक करजा. मारुतीपुढं काई बोलू नका. त्याले तं दारच पाह्यजे ना?"