लांबचं भाडं नको
मार्केट यार्डाजवळच्या ऑफिसात ट्रकमालकांचे नंबर मी लावते. गाडीही स्वतःची आणि चालवणारेही स्वतःच, अशी ही माणसं. रिकामी गाडी घेऊन आले की वहीत नाव लिहायचं, भाडं आलं की पहिल्या नंबराला विचारायचं. त्याने दोनदा नको म्हटलं की तो यादीच्या तळाला. हा नियम मीच आग्रहाने करून घेतला होता. हल्ली बरीच भाडी मोबाइलवर ठरतात. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्यासाठी ही वही.

गेल्या हिवाळ्यात एक मालक सारखे तळाला जायला लागले. पन्नाशी उलटलेली, गाव अक्कलकोटकडचं, सगळे त्यांना अण्णा म्हणत. हैदराबादला टॉवेलचे गठ्ठे न्यायचे होते, नको म्हणाले. बंगळूरला कांदा न्यायचा होता, तोही नको. मग दोन दिवस बाकावर बसून वैरागला खताची पोती घेऊन गेले. लांबचं सोडून जवळचं धरणारा माणूस आमच्याकडे सापडत नाही.

बाकावर त्यांच्या शेजारी एक चाळिशीचा मालक बसायचा. त्याच्या ट्रकचं इंजिन गॅरेजात उघडून पडलं होतं, त्यामुळे त्याला वेळच वेळ.

"काय अण्णा, वैनी सोडंना व्हय?"

"सोडती की. तुझ्यासारखं हाकलून न्हाय देत."

मीही एकदा बोलून गेले, "अण्णा, गाडी शोभेला घेतलीय का?" ते एवढंच म्हणाले, "लिवा तळाला, ताई."

महिनाअखेरीला मी कोणी काय घेतलं, काय नाकारलं, याची यादी करते. अण्णांचं पान बघताना हात थांबला. श्रीपूर, करमाळा, वैराग. घेतलेल्या सगळ्या खेपा दिवस मावळायच्या आत परत येणाऱ्या. एकदा तर जवळचं बार्शीही नाकारलेलं, कारण माल संध्याकाळी भरून होणार होता.

चहाच्या गाड्यावर त्यांना बाजूला घेतलं. "अण्णा, रात्रीचं दिसत नाही का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यात फुटतो. मग रस्ताच न्हाय दिसत."

"घरी माहीत आहे?"

"कुनालाच न्हाय. कळलं तर माल कोन देईल? आन आपरेशन केलं तर गाडी उभी ऱ्हाती. हप्ता थांबतो व्हय?"

डोळे दाखवेपर्यंत मी तुमचा नंबर लिहिणार नाही, दिवसाचाही नाही, असं मी सांगितलं. ते गाडी घेऊन निघून गेले. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. दोन दिवसांनी त्यांच्या घरून फोन आला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलीय.

मग मी बाकावरच्या त्या इंजिनवाल्याला विचारलं. अण्णांची गाडी चालवायची, सुटेल ते निम्मं-निम्मं.

त्याने मान खाजवली. "म्हंजे दिवसभर त्यांचं ऐकून घ्यायचं?"

"अण्णा गाडीत नसतील."

"फोन हाय की त्यांच्याकडं."

पण त्याने गाडी चालवली, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत. दुसऱ्या गिअरची कुरकुर त्यानेच काढून घेतली आणि अण्णांनी फोनवर त्याबद्दलही त्याला सुनावलं.

आता गाडी चालवायला हरकत नाही, अशी डॉक्टरांची चिठ्ठी आली त्या दिवशी मी अण्णांचं नाव लिहिलं. नंबर लागला तो हैदराबादचा. दुपारी गाडी भरली. मी बजावलं, "पहिलीच खेप आहे. उमरग्याला मुक्काम करा, सकाळी पुढे जा."

"व्हय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिस उघडतेय तोच त्यांचा फोन. "हैदराबादला माल उतरला, गाडी खाली झाली, ताई."

"म्हणजे मुक्काम केलाच नाही? रात्रभर चालवलीत?"

"बघायचं हुतं की, जमतंय का."

मी चांगलीच चिडले होते. काय काय बोलायचं तेही मनात जुळवून झालं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "समदा रस्ता दिसला. आता परतीचं भाडं बघा, लांबचं असलं तरी चालतंय."

रागवायचं नंतरवर टाकलं आणि हैदराबादच्या एजंटाला फोन लावला.