ओळखीचा वास

गाड्यांच्या रंगाची शेड जुळवायचा म्हणून गॅरेजमध्ये त्याला सगळे शेडमास्तर म्हणत. अपघातात चेपलेला गाडीचा दरवाजा डेंटरनं ठोकून सरळ केला की तो याच्याकडे यायचा, आणि जुन्या रंगात नवा असा मिसळायचा की मालकालाही जोड सापडू नये. सव्वीस वर्षं तोंडाला रुमाल बांधून त्यानं हातातली स्प्रेगन चालवली. बिडी-सिगारेटला कधी शिवला नाही, आणि हे तो चारचौघांत छाती फुगवून सांगायचा.

राहायला गॅरेजच्या मागची खोली. एक खिडकी रस्त्याकडे, दुसरी गॅरेजकडे. ट्रकच्या काळ्या धुराची त्याला भारी धास्ती. मुलगी झाली तशी त्यानं रस्त्याकडच्या खिडकीच्या फटी चिकटपट्ट्यांनी बुजवल्या, गॅरेजकडची मात्र सताड उघडी.

"अहो, इकडून थिनरचा भपका येतो, त्याचं काय?" बायको विचारायची.

"तो आपला ओळखीचा वास आहे गं. धूर बघ, भिंतीवर काजळी धरते. थिनर उडून जातं, मागे काय राहतं?"

मुलगी नऊ वर्षांची झाली आणि शाळेत धावताना मधेच खाली बसायला लागली. खोकला हटेना. शेडमास्तरनं ट्रक बंद करा म्हणून नगरपालिकेला अर्ज लिहिला, गल्लीतल्या चाळीस जणांच्या सह्या घेतल्या. पहिली सही डेंटरची होती.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी श्वास मोजायच्या यंत्राच्या नळीत जोरानं फुंकायला सांगितलं, तर मुलगी बिचकली.

"हात्तिच्या, एवढंच? बघ, मी दाखवतो," म्हणत त्यानंच फुंकलं.

बाईंनी यंत्रातून निघालेला कागद पाहिला. पुन्हा फुंकायला लावलं. मग तिसऱ्यांदा.

"काम काय करता?"

त्यानं सांगितलं; राहायला गॅरेजच्या मागेच, हेही.

"रुमालानं थोडी धूळ अडेल, रंगाची वाफ अडत नाही. तुमची फुप्फुसं निम्मीच काम करताहेत. मुलीलाही तीच हवा बाधतेय."

"पण मला तर काहीच होत नाही!"

"जिना चढताना?"

मेव्हणीच्या घरी जाताना पहिल्या मजल्यावर तो हल्ली वाकून चपलेचा पट्टा नीट करत असे. पट्टा नीटच असायचा.

घरी येऊन त्यानं गॅरेजकडची खिडकी लावली. आठवड्याभरात मायलेकींना मेव्हणीकडे पोचवलं. तिचं घर हमरस्त्यावर.

"तिथं तर दिवसभर ट्रक!" बायको म्हणाली.

"असू देत. माझ्या थिनरपेक्षा बरे."

तीन महिन्यांत मुलीचा खोकला पुष्कळ उतरला. तो गॅरेजमागच्या खोलीतच राहिला. दुसरं काम येत नव्हतं. मालकानं वाफ गाळणारा डबीवाला मास्क आणून दिला. पण आधीच अपुरा पडणारा श्वास त्यातून ओढताना जीव मेटाकुटीला यायचा. मग तो मास्क गळ्यात ओढून काम उरकायचा. पुढच्या वर्षी गन धरवेना. घरात ऑक्सिजनचं नळकांडं आलं. एक्कावन्नाव्या वर्षी तो गेला.

त्याचं सामान न्यायला बायको गॅरेजमध्ये गेली, तेव्हा डेंटरनं तिला स्टूल दिलं.

"वहिनी, त्याची छाती मुळातच नाजूक. आम्ही नाही का त्याच हवेत? काय झालंय आम्हाला?"

"हेही असंच म्हणायचे." तिनं पिशवीतून नवऱ्याचा दवाखान्यातला कागद काढून त्याच्या हातात दिला. "भाऊजी, तुम्ही एकदा नळीत फुंकून या. मी येते बरोबर."

डेंटरनं कागद उलटसुलट करून पाहिला. त्याला त्यातलं काही कळलं नाही. खालची रेघ तेवढी दिसली, उतरत गेलेली.

"आणि काही निघालं तर, वहिनी? मग काय करू मी?"

त्यानं कागद नीट घडी घालून परत दिला आणि पत्र्याकडे वळला. चार वाजता गाडी द्यायची होती. तिलाही मुलीला शाळेतून आणायचं होतं.