कावूनवाल्या

वडवणीच्या बाजारात आम्हाला कावूनवाल्या म्हणायचे. कावून म्हणजे का. बाकीचे हसून म्हणायचे, बीडच्या दवाखान्यातला कंपाउंडर दातओठ खाऊन. मला ते नाव फार आवडायचं.

सुरुवात आमच्या वस्तीतल्या विहारात झाली. आम्ही मोजक्या बौद्ध बायका. मी अंगणवाडीत, बाकीच्या ऊसतोडीला जाणाऱ्या. त्या वर्षांत बीडमध्ये एसटीडी बूथांसारखे खाजगी दवाखाने भराभर निघत होते. तोडीला निघण्याआधी एकेक बाई तिथे जाऊन पिशवी काढून यायची. गर्भाशय हा जड शब्द आमच्याकडे कुणी वापरत नाही. तिशीही न गाठलेल्या पोरीला डॉक्टर सांगायचा, पिशवी सडली, ठेवली तर कॅन्सर होईल. ती मान हलवायची. म्हणून आम्ही ठरवलं, दवाखान्यात कुणी एकटीनं जायचं नाही. दोघींनी सोबत जायचं आणि विचारायचं, कावून?

पहिल्यांदा आम्ही दोघी एका बाईबरोबर गेलो. डॉक्टर खेकसला, "तुम्ही डॉक्टर आहात का?" माझ्याबरोबरची म्हातारी म्हणाली, "न्हाई. पन पिशवी आमची हाय. कावून काढायची ते सांगा." त्यानं मुकाट्यानं गोळ्या लिहून दिल्या. बाई पिशवीसकट घरी आली!

मग माजलगावकडूनही निरोप यायला लागले. ज्या बायका जन्मात आमच्या वस्तीत आल्या नव्हत्या, त्या विहारात येऊन बसायच्या. प्यायचं पाणी मात्र घरून आणायच्या. माझं डोकं फिरायचं, तरी सतरंजी मीच अंथरायचे. दुसरं टोक धरायला माझी धाकटी जाऊ असायची. तिची एकही बैठक चुकली नाही.

दसरा झाला. मी माजलगावच्या बैठकीहून परतले, तर सासूबाई म्हणाल्या, "धाकटी बीडला गेली." मी सकाळच्या एसटीनं दवाखाना गाठला. जाऊ भिंतीकडे तोंड करून पडली होती. ऑपरेशन झालं होतं.

"एकटी कावून आलीस?" मी ओरडलेच.

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "अक्का, उसाच्या फडात पाळी आली की बसावं कुटं? आडोसा न्हाई, पानी न्हाई. बसलं की मुकादम खाडा धरतो, पैसं कापतो. तुमी आल्या असत्या तर डॉक्टर गप बसला असता, मला ठावं हाय. पन फडात माज्यासंगं कोन येनार हुतं?"

दारात कंपाउंडर उभा होता. "आज डॉक्टरला न्हाई का इचारायचं, कावून?" तो हसत म्हणाला.

त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं मला. पण उत्तर जावेला द्यायचं होतं. मी त्याच्याकडे पाठ करून तिच्या खाटेवर बसले.