टोमॅटोचं पथ्य

दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, पहिली फिट आली ती पिंपळवंडीच्या शेतात, टोमॅटोच्या तोडणीत. तो सरीत आडवा, दातखीळ बसलेली, आणि चार जण नाकाला कांदा लावायला धावलेले. मी तेव्हा कळंबला शाळेत विज्ञान शिकवायचो. सुट्टी म्हणून त्या दिवशी शेतातच होतो. कांद्याने काही होत नाही म्हणून ओरडलो, पण माझं कोण ऐकतंय! पुण्यात तपासलं तेव्हा मेंदूत गाठ निघाली, आणि तीही वाईट जातीची. ऑपरेशन झालं. सगळी निघाली नाही, असं तिथल्या तरुण डॉक्टरांनी सांगितलं.

"पथ्य काय?" वहिनीने विचारलं.

"काही नाही. मागतील ते खाऊ द्या."

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. आमच्याकडे डॉक्टरने 'मागेल ते खाऊ घाला' म्हटलं की समजायचं, त्याने हात टेकले. साध्या काविळीला तेल बंद होतं, आणि एवढ्या मोठ्या दुखण्याला पथ्यच नाही? बिचाऱ्या डॉक्टरांना आपण काय बोलून बसलो याचा पत्ताही नव्हता.

विषय बदलावा म्हणून मी विचारलं, फिट का येते. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात तो ग्लुटामेट नावाच्या द्रव्याने. काम झालं की उरलेलं द्रव्य आसपासच्या पेशी शोषून घेतात. गाठीच्या पेशी शोषत नाहीत. उलट सिस्टीन नावाचं दुसरं द्रव्य आत ओढतात आणि त्याच्या बदल्यात ग्लुटामेट बाहेर सोडतात. ते साचलं की शेजारच्या पेशी खवळतात, फिट येते. शेवटी त्या मरतात आणि मोकळ्या जागेत गाठ सरकते.

"म्हंजे बांध कोरणारा शेजारी," दादा कॉटवरून म्हणाला. डॉक्टर हसले.

"आन् ते ग्लुटामेट कशात असतं?" वहिनीने विचारलं.

डॉक्टर खरं बोलले आणि फसले. "तसं टोमॅटोतही असतं, पण खाल्लेलं मेंदूपर्यंत पोचत नाही." 'पण'च्या पुढचं वहिनीने ऐकलंच नाही.

घरी आल्यावर टोमॅटो बंद. अंगणात क्रेटची थप्पी, आणि कालवणात एक फोड नाही. दादाला भाजलेल्या टोमॅटोची चटणी जीव की प्राण. मी वहिनीला समजावलं, चिडलो, फरशीवर खडूने मेंदू काढून दाखवला.

"भावजी, तुमचं शास्त्र शाळंत ठेवा," ती म्हणाली. "पथ्य हाय म्हंजे माणूस बरं व्हणार हाय."

"चोर डोक्यात आन् शिक्षा टोमॅटोला! भारीय राव," दादा म्हणायचा. पण पथ्य पाळायचा.

गोळ्या चालू असूनही फिट येत राहिल्या. मग उजवा हात गेला. पुन्हा स्कॅन केला, तेव्हा डॉक्टरांनी वहिनीला आणि मला बाजूला घेतलं. गाठ पसरली होती. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दादाला सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चुलीवर टोमॅटो भाजल्याचा वास आला. लाज वाटते सांगायला, पण आधी वाटलं, चला, शेवटी पटलं हिला. मग डॉक्टरांचं 'मागतील ते खाऊ द्या' आठवलं.

वहिनीने दादाच्या ताटात भाकरी वाढली, शेजारी चटणी. दादा ताटाकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. त्याने डाव्या हाताने चटणी ताटाच्या कडेला सारली.

"अगं, इसरलीस व्हय?" तो म्हणाला. "मला पथ्य हाय ना."

"व्हय की. इसरलेच," वहिनी म्हणाली आणि चटणी काढून घेऊन आत गेली.